चेहऱ्याच्या मज्जातंतूचा एमआरआय: धंतोलीतील एका केंद्राचे परीक्षण

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ या दोन भागांत दवाखान्यांच्या जोडीने तपासणी केंद्रेही दाटीवाटीने उभी आहेत, आणि चंद्रपूर-गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण त्यांच्याकडे येत असतात. त्यांपैकी धंतोलीतील एका खासगी केंद्रात माझ्या थोरल्या वहिनींच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूचा एमआरआय अलीकडेच काढून घेतला. हे परीक्षण त्या एका तपासणीपुरते आहे. गुडघा, कंबर वा मणक्यासाठी तेच केंद्र कसे आहे, याविषयी मला काही म्हणायचे नाही. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे ज्या गोष्टींकडे लक्ष वेधायचे आहे त्या कोणत्याही केंद्रात पारखून घेता येतात.

आधी दुखण्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून सेवेचे मोल ठरवता येत नाही. एका सकाळी उठावे आणि चूळ भरताना पाणी एका बाजूने ओघळावे, डोळा मिटू नये, हसायला गेल्यास तोंड एकीकडे ओढले जावे, असा हा आजार. आपल्याकडे त्याला सरसकट ‘तोंडाचा लकवा’ म्हणतात आणि दोष कूलरच्या वाऱ्याला देतात. वैद्यकात याच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराला चार्ल्स बेल या शल्यचिकित्सकाच्या नावावरून बेल्स पाल्सी म्हटले जाते. चेहऱ्याच्या मज्जातंतूचे काम त्यांनी १८२१ मध्ये मांडले होते. मेंदूतून निघणारा हा सातवा मज्जातंतू कानामागच्या हाडातील एका चिंचोळ्या बोगद्यातून सुमारे तीन सेंटिमीटर प्रवास करतो, आणि तेथेच त्याला सूज आली की पसरायला जागा नसल्याने तो स्वतःच्याच सुजेने आवळला जातो. सूज का येते, याचे एक प्रबळ उत्तर म्हणजे शरीरात सुप्तावस्थेत राहिलेला नागिणीच्या जातकुळीतला हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी १४ पैकी ११ रुग्णांच्या मज्जातंतूभोवतीच्या द्रवात त्याचे अंश दाखवून दिले होते.

आता जी गोष्ट तपासणी केंद्राच्या काउंटरवर कोणी सांगत नाही, ती येथे स्पष्ट लिहितो. पहिल्यांदाच, एकाएकी, एका बाजूचा पूर्ण चेहरा कपाळासकट लुळा पडला असेल आणि दुसरे कोणतेही लक्षण नसेल, तर बहुतेकांना एमआरआयची गरजच नसते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा नव्या रुग्णाची नेहमीचा भाग म्हणून प्रतिमा-तपासणी करू नये, असे म्हटले आहे. गरज असते ती पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होण्याची आणि उघड्या राहणाऱ्या डोळ्याला जपण्याची. स्कॉटलंडमध्ये पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ९४.४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकी ८१.६ टक्के. म्हणजे औषधाविनाही बरे होणारे पुष्कळ आहेत, पण औषधाने पडणारा फरक हा वेळेवर घेतलेल्या औषधाचा आहे. एमआरआयची तारीख परवाची मिळाली म्हणून गोळ्या परवापर्यंत थांबवल्या, तर त्या तपासणीने रुग्णाचे नुकसानच केले असे म्हणावे लागेल.

वहिनींचे प्रकरण या चौकटीबाहेरचे होते. काही वर्षांपूर्वी त्यांचा डावा चेहरा असाच गेला होता आणि पुरता बरा झाला होता. आता पुन्हा डावीच बाजू गेली. दुखणे उलटणे तसे विरळ असले तरी अघटित नाही. डेन्मार्कमधील एका मोठ्या पाहणीत सुमारे सात टक्के रुग्णांत ते आढळले होते. मात्र त्याच बाजूला पुन्हा झटका आला तर मज्जातंतूवर एखादी गाठ तर वाढत नाही ना, हे पाहणे भाग असते. याशिवाय अशक्तपणा काही आठवडे हळूहळू वाढत जाणे, आधी चेहरा फडफडणे, ऐकू कमी येणे, कानापुढील लाळग्रंथीत गाठ लागणे, मज्जातंतूची एखादीच शाखा जाणे किंवा तीन महिने उलटूनही हालचाल न परतणे, ही एमआरआयची रास्त कारणे होत. आमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या, वहिनींना मधुमेह असल्याने साखर रोज तपासायला लावली आणि मगच एमआरआयची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर त्यांनी नुसते ‘एमआरआय ब्रेन’ न लिहिता कोणता भाग, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या शंकेसाठी, हे तीन ओळींत लिहिले होते. त्या तीन ओळींचे महत्त्व पुढे कळले.

काउंटरवरील मुलगी बोलायला नम्र होती, परंतु तिच्यापुढील संगणकात ‘ब्रेन प्लेन’ आणि ‘ब्रेन कॉन्ट्रास्ट’ असे दोनच पर्याय असावेत असे वाटले. “काका, प्लेन केलं तर बरंच स्वस्त पडेल, नंतर लागलं तर कॉन्ट्रास्ट करू,” असे तिने सुचवले. तिचा हेतू चांगलाच होता, पण सल्ला या दुखण्यासाठी चुकीचा होता. साध्या एमआरआयमध्ये सुजलेला मज्जातंतू पुष्कळदा निरोगी मज्जातंतूसारखाच दिसतो. पक्षाघात नाही ना, मोठी गाठ नाही ना, एवढे त्यातून कळते. सूज मात्र कळत नाही. सूज दिसते ती शिरेतून गॅडोलिनियमचे द्रव्य (हाच कॉन्ट्रास्ट) दिल्यावर, कारण सुजलेल्या भागात रक्तवाहिन्यांचा बांध सैल झालेला असतो आणि ते द्रव्य तेथे झिरपून तो भाग उजळ करते. आम्ही चिठ्ठी पुढे केली, तेव्हा तिने आतून तंत्रज्ञांना बोलावले. त्यांनी चिठ्ठी वाचून लगेच सांगितले की यासाठी संपूर्ण मेंदूच्या जाड कापांचा उपयोग नाही, कानाच्या हाडाचे बारीक काप घ्यावे लागतील. तंत्रज्ञांची ही जाण या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, असे मी मानतो.

यंत्राच्या बाबतीत थोडा भ्रमनिरास करणे आवश्यक आहे. केंद्राच्या फलकावर तीन टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकाची शक्ती मोजण्याचे एकक) अक्षर सगळ्यांत मोठे आहे आणि येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. तीन टेस्लाच्या यंत्रात बारीक तपशील अधिक स्पष्ट मिळतो हे खरे. पण मज्जातंतूच्या ज्या भागांना एरवीही रक्तवाहिन्यांचे जाळे वेढून असते, ते निरोगी माणसातही कॉन्ट्रास्टनंतर थोडे उजळतात, आणि चुंबक जितके शक्तिमान तितके हे नैसर्गिक उजळणेही अधिक डोळ्यांत भरते. वाचणारा डोळा तयार नसेल तर अशा वेळी निरोगी बाजूलाही आजार ‘दिसू’ लागतो. व्यवस्थित आखलेल्या तपासणीत दीड टेस्लाचे यंत्रही या कामाला पुरते. पातळ काप, चरबीचा उजळपणा दाबून घेतलेल्या प्रतिमा, द्रव्य देण्यापूर्वीच्या आणि दिल्यानंतरच्या प्रतिमांची जोडी आणि उजव्या-डाव्या बाजूंची एकाच पातळीवर तुलना, या गोष्टी टेस्लाच्या आकड्यापेक्षा मोलाच्या आहेत.

तपासणीपूर्वीची विचारपूस नेटकी होती. हृदयात पेसमेकर, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, जुनी शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा आजार, गर्भधारणा, सगळे एका छापील कागदावर विचारले गेले आणि तो कागद मराठीतही होता, हे विशेष. मधुमेह असल्याचे कळताच मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा ताजा अहवाल मागितला, तोही योग्यच. मूत्रपिंडे फार अशक्त असतील तर गॅडोलिनियमच्या काही जुन्या द्रव्यांनी त्वचा आणि अवयव कडक होण्याचा विरळ पण गंभीर आजार होऊ शकतो. मंगळसूत्र, बांगड्या, केसांतल्या पिना, साडीच्या पदराची सेफ्टी पिन, सगळे काढायला लावले आणि काजळही पुसायला सांगितले, कारण डोळ्यांच्या काही प्रसाधनांत धातूचे कण असतात. वहिनींच्या हातावरचे गोंदण मात्र कोणी पाहिले नाही. काही शाईंत लोहाचे अंश असल्याने तपासणीत तेथे चटका बसल्यासारखे वाटू शकते; आम्हीच ते सांगितले, तेव्हा “गरम वाटलं तर लगेच बेल दाबा, काकू,” एवढे उत्तर मिळाले.

एक गोष्ट मात्र या केंद्राने, आणि मला वाटते बहुतेक केंद्रांनी, मनावर घेतली पाहिजे. यंत्राच्या नळीत रुग्णाला गुदमरू नये म्हणून पंखा चालू असतो आणि त्याचा झोत थेट चेहऱ्यावर येतो. ज्याचा चेहरा लुळा आहे त्याचा एक डोळा मिटतच नाही. अर्धा-पाऊण तास कोरडी हवा त्या उघड्या डोळ्यावर येत राहिली तर बुबुळाला इजा होऊ शकते, आणि या आजारात कायमचे नुकसान होण्याची जी भीती असते त्यात डोळ्याची भीती पहिली. वहिनींना आत नेण्यापूर्वी कोणाच्याही लक्षात हे आले नव्हते. आमच्या डॉक्टरांनी आधीच बजावल्यामुळे आम्ही डोळ्याचे जेल सोबत नेले होते. ते घालून, पापणी बोटाने मिटवून कागदी पट्टी लावून द्या, असे सांगितल्यावर तेथील परिचारिकेने ते फार हळुवार हाताने केले आणि तंत्रज्ञांनी पंख्याचा वेग कमी केला. चेहऱ्याच्या मज्जातंतूसाठी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला हे न सांगता मिळायला हवे. त्यासाठी लागणारा खर्च कागदी पट्टीच्या एका तुकड्याचा आहे.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. आवाज मोठा असतो, कानात बोळे आणि वर हेडफोन देतात, मध्येच हाताच्या शिरेतून द्रव्य देतात तेव्हा किंचित गार वाटते, आणि शेवटपर्यंत डोके हलवायचे नसते. एका भागात वहिनींना खोकला आल्याने प्रतिमा हलल्या, तेव्हा तंत्रज्ञांनी तो भाग कुरकुर न करता पुन्हा घेतला. नागपूरच्या मे महिन्यातून आत आलेल्या माणसाला ती थंडगार खोली सुखाची वाटावी हे स्वाभाविक, पण मधुमेही आणि वयस्क रुग्णांना ती थंडी झोंबते. पांघरूण मागून घ्यावे, मागितल्यावर मिळते.

खरा प्रश्न अहवालाचा होता, आणि येथे केंद्र कमी पडले. संध्याकाळी हाती आलेल्या पहिल्या अहवालात मेंदूच्या कणाकणाचे वर्णन होते, सायनसमधील किरकोळ सूज होती, वयानुसार दिसणारे बदल होते, आणि ज्याच्यासाठी गेलो त्या मज्जातंतूविषयी ‘डाव्या बाजूस सौम्य उजळपणा, क्लिनिकल कोरिलेशन करावे’ (म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहावे) एवढीच ओळ होती. हे शेवटचे वाक्य तर तलाठ्याच्या दाखल्यावरच्या शिक्क्यासारखे प्रत्येक अहवालावर उमटतेच. कुठल्या भागात उजळपणा, किती, रेघेसारखा की गाठीसारखा, उजव्या बाजूशी तुलना केली का, लाळग्रंथी पाहिली का, यांपैकी कशालाच उत्तर नव्हते. आणि या आजारात सगळा अर्थ त्याच उत्तरांत आहे.

कारण असे की मज्जातंतूच्या वाटेवर काही टप्पे निरोगी माणसातही उजळतात: मज्जातंतू गुडघ्यासारखा वळतो तेथील त्याची नैसर्गिक गाठ, त्यापुढचा मध्यकर्णातील भाग आणि कानामागे खाली उतरणारा भाग. तेथील सौम्य उजळपणावरून काहीच सिद्ध होत नाही. याउलट कवटीच्या आतून कानाच्या हाडात शिरतानाचे टोक आणि त्यापुढचा तीन ते पाच मिलिमीटरचा, साऱ्या बोगद्यातील सर्वांत अरुंद टप्पा एरवी सहसा उजळत नाहीत. या बोगद्याचे तोंड जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, आणि सूज आवळली जाते ती तेथेच. हे दोन भाग एका बाजूला ठळक उजळले, मज्जातंतू फारसा जाड झालेला नाही आणि उजळपणा सलग, रेघेसारखा आहे, तर ते दाहक, म्हणजे सुजेने आलेल्या, चेहऱ्याच्या लकव्याचे चित्र. उजळपणा गाठीसारखा, ओबडधोबड, बोगदा रुंदावणारा असेल तर अर्बुदाची (ट्यूमरची) शंका घ्यावी लागते. सोबत ऐकण्याचा मज्जातंतू आणि अंतःकर्णही उजळले, कानाच्या पाळीत नागिणीचे फोड असले, तर तो जेम्स रॅमसे हंट यांनी १९०७ मध्ये वर्णन केलेला प्रकार. त्यात विषाणूविरोधी औषध लवकर द्यावे लागते आणि बरे होण्याची शक्यताही बेल्स पाल्सीपेक्षा कमी असते. कानापुढील लाळग्रंथी न पाहता लिहिलेला अहवाल तर अर्धाच म्हणावा, कारण तेथील कर्करोग मज्जातंतूच्या कडेने हाडात वर सरकू शकतो आणि सुरुवातीला बेल्स पाल्सीच वाटतो.

आमच्या डॉक्टरांनी केंद्रातील ज्येष्ठ रेडिओलॉजिस्टांशी फोनवर बोलून हेच प्रश्न विचारले. येथे केंद्राच्या बाजूने सांगायला हवे, की त्यांनी टाळाटाळ केली नाही. प्रतिमा पुन्हा पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी पुरवणी अहवाल दिला, तोही जादा पैसे न घेता. त्यात प्रत्येक टप्पा वेगळा लिहिलेला होता: डाव्या बाजूला शिरतानाचे टोक आणि अरुंद टप्पा रेघेसारखे उजळलेले, गाठ नाही, बोगदा रुंदावलेला नाही, दोन्ही लाळग्रंथी निर्मळ, ऐकण्याचा मज्जातंतू ठीक. चित्र दाहक आजाराचे होते, आणि गाठीच्या भीतीने जी झोप उडाली होती ती घरात परतली. मात्र हे सगळे पहिल्याच अहवालात का नव्हते, हा प्रश्न राहतोच. चिठ्ठी काउंटरवर वाचली गेली, तंत्रज्ञांनी वाचली, पण अहवाल लिहिणाऱ्यापर्यंत ती पोहोचली नव्हती असे दिसते. ज्यांच्या डॉक्टरांनी फोन केला नसता त्यांनी त्या एका ओळीवरच समाधान मानले असते.

प्रतीक्षागृहात पाहिलेला एक प्रसंग याहून अधिक खटकला. एक तरुण, तोंड वाकडे होऊन दुसराच दिवस, कोणत्याही डॉक्टरची चिठ्ठी न घेता नातेवाइकांच्या सल्ल्याने थेट आला होता आणि काउंटरने त्याला संध्याकाळची वेळ देऊन टाकली. एमआरआय हे काही रक्तातील साखर मोजण्यासारखे काम नव्हे. कोणता भाग, द्रव्य द्यायचे की नाही, हे डॉक्टरनेच ठरवायचे असते. त्या तरुणाला आधी डॉक्टर आणि गोळ्या हव्या होत्या. आणि कपाळाला आठ्या पडत आहेत पण तोंड वाकडे झाले आहे, बोलणे अडखळते आहे, हातात जोर नाही, अशी अवस्था असती तर तो मेंदूचा झटका असण्याची शक्यता होती. अशा रुग्णाने तपासणीची वेळ घेत बसू नये, थेट मेडिकल, मेयो ही नागपूरची शासकीय रुग्णालये किंवा जे मोठे रुग्णालय जवळ असेल त्याच्या आपत्कालीन विभागात जावे. हे त्याला सांगण्याची जबाबदारी काउंटरवरच्या मुलीवर टाकणे अन्यायाचे आहे, पण कोणीतरी ती घेतली पाहिजे.

विदर्भाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट. पूर्वेकडील जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांत डोळा मिटत नाही एवढीच तक्रार असेल, तोंड फारसे वाकडे नसेल, तर त्वचेवर बधिर चट्टा आहे का हे आधी पाहावे. कुष्ठरोग गालाच्या हाडावरून डोळ्याकडे जाणाऱ्या शाखेला धरतो, आणि कानाच्या हाडाचा कितीही सुरेख एमआरआय काढला तरी तो त्यात दिसणार नाही. येथे महागड्या यंत्राहून कापसाचा बोळा घेऊन त्वचेवरील स्पर्श तपासणारा डॉक्टर उपयोगाचा. आणि २०२१ मध्ये नागपूरने म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, जे दिवस पाहिले, ते ध्यानात ठेवून अनियंत्रित मधुमेह असलेल्याचा चेहरा सुन्न होणे, गाल दुखणे, नाकातून काळसर स्राव येणे, ही लक्षणे सोबत असतील तर मात्र तपासणीला एक दिवसाचाही विलंब नको.

खर्च कॉन्ट्रास्टसह दहा हजारांच्या आत आला. शासकीय रुग्णालयांत तो कमी होतो, पण तारीख उशिराची मिळते आणि घाई नसलेल्या रुग्णाने ती जरूर घ्यावी. गाडी लावायला जागा जवळपास नाही, त्यामुळे धंतोलीच्या गल्ल्यांत फिरत राहण्यापेक्षा मेट्रोने येऊन थोडे चालणे बरे. फिल्मचे मोठे पाकीट सगळ्यांना देतात, सीडी मागितली तरच देतात. ती मागावीच, कारण या मज्जातंतूचे बारीक काप फिल्मवर वाचता येण्यासारखे नसतात आणि दुसरे मत घ्यायचे झाल्यास डॉक्टर सीडीच मागतात.

पुढच्या एमआरआयबद्दल काउंटरवर सहज विचारले, तर “सूज उतरली का बघायला महिन्याभरात करून घ्या” असे ऐकायला मिळाले. आमच्या डॉक्टरांनी ते साफ नाकारले. मज्जातंतूचा उजळपणा चेहरा बरा झाल्यावरही कित्येक महिने टिकू शकतो. हालचाल किती परतली हे आरशात आणि डॉक्टरांच्या तपासणीत कळते, यंत्रात नव्हे. त्यासाठी १९८५ पासून वापरात असलेली हाउस-ब्रॅकमन यांची सहा पायऱ्यांची मोजणी पुरेशी आहे, आणि त्या मोजणीत वहिनींची सुधारणा होत आहे. त्यांची प्रगती थांबली किंवा उलट फिरली तरच पुन्हा तपासणी करायची, आणि ती याच केंद्रात, याच यंत्रावर, म्हणजे जुन्या-नव्या प्रतिमांची तुलना होऊ शकेल. त्या वेळी चिठ्ठीची एक प्रत रेडिओलॉजिस्टांच्या हातात आम्ही स्वतः देणार आहोत.